पिळास उलटा पीळ

बेंदूर जवळ आला की कोल्हापूरच्या बाजारात कासरे, म्होरक्या, वेसणी, दावी आणि गोंडे यांची जी रंगीबेरंगी रास मांडलेली दिसते, तिच्यात अंबाडीच्या वा घायपाताच्या वाखाचे काही उरलेच असेल तर ते शोधून काढावे लागते. बहुतेक माल नायलॉनचा. एके काळी गावास दोरखंडे पुरविण्याचे काम बलुतेदारीत मातंग समाजाकडे असे आणि त्याबद्दल सुगीत खळ्यावर धान्याचा हक्क मिळे. तो दस्तूर गेला, वाखही चालला. परंतु दोर ज्या तत्त्वावर टिकतो ते तत्त्व मात्र तसूभरही हललेले नाही, आणि ते पाहावयाचे असेल तर हवाई छत्रीच्या दोरीपासून, म्हणजे पॅराकॉर्डपासून, हाताने पट्टा विणून आप्तास भेट देण्याचा जो उद्योग हौशी मंडळींनी जगभर चालविला आहे त्याहून सोयीचे साधन नाही.

प्रथम अंबाडी पाहू. तिच्या पाल्याची भाजी सर्वांच्या परिचयाची, परंतु खोड पाण्यात कुजत घातले म्हणजे तंतूंना जखडणारे पेक्टिन सूक्ष्मजंतू खाऊन टाकतात आणि साल सुटून वाख हाती येतो, हे शहरी वाचकास बहुधा ठाऊक नसते. हे तंतू फार तर पुरुषभर लांब. मग त्यांचा पन्नास हातांचा नाडा होऊन तो पाण्याने भरलेली मोट विहिरीतून कसा ओढतो? हाच प्रश्न गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चर्चिला होता. उत्तर पिळात आहे. पीळ दिलेल्या तंतूंना ओढले की ते एकमेकांवर अधिक दाबले जातात, दाबाबरोबर घर्षण वाढते, आणि अशा रीतीने जो ताण त्यांना विलग करू पाहतो तोच त्यांना घट्ट धरून ठेवतो. मात्र पीळ स्वभावतः उलगडू पाहतो. म्हणून उजवीकडे पिळलेले पेड एकत्र आणून ते डावीकडे वळावयाचे, की एकाचा उलगडा दुसऱ्याच्या वळणात अडतो.

नायलॉनची गोष्ट वेगळी. १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स याने तो प्रयोगशाळेत सिद्ध केला, आणि महायुद्धात जपानी रेशीम दुर्मीळ होताच हवाई छत्र्यांत रेशमाची जागा त्याने घेतली. त्याचा तंतू हवा तेवढा लांब ओढता येत असल्यामुळे आखूड तंतूंना पिळाने जखडण्याची येथे गरजच नाही. प्रचलित पॅराकॉर्डमध्ये साधारणतः सात आतील दोरे असतात आणि त्यांवर विणलेले आवरण असते. करंगळीहून कितीतरी बारीक अशी ही दोरी सुमारे अडीचशे किलोंचा भार पेलते. त्या आवरणातील निम्मे धागे उजवीकडे, निम्मे डावीकडे जातात, त्यामुळे भार पडला तरी दोरी स्वतःभोवती गरगरत नाही. उलट्या पिळाची युक्ती येथेही आहेच.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण मात्र या दोरीस लागू नाही. काथ्यातील सेल्युलोज वितळत नाही, ते जागच्या जागी कोळसा होते, म्हणून राखेतही वळण दिसते. नायलॉन सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळतो आणि पिळासकट त्याचा गोळा होतो. विणकाम संपल्यावर टोक ज्योतीजवळ धरून बंद करतात ते याच गुणाच्या जोरावर.

कमरेला विणलेला दोर घालण्याची चाल आपल्याकडे नवी नव्हे. पायाच्या अंगठ्यास धागा अडकवून पटवेकरी जो रेशमी करगोटा विणतो, तोही पट्टाच. पॅराकॉर्डचा पट्टा बहुधा मॅक्रमेच्या गाठींनी विणतात: मधल्या दोन धाग्यांभोवती बाजूच्या धाग्यांची अर्धी गाठ एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. एकाच बाजूने गाठी मारीत गेल्यास पट्टा मळसूत्री जिन्यासारखा फिरत जातो. बाजू बदलली की सपाट राहतो. या विणीस दर इंचास अंदाजे फूटभर दोरी लागते, म्हणजे चौतीस इंची कमरेस दहा मीटरहून अधिक. गाठ सुटत नाही त्याचे गणित अठराव्या शतकात ऑयलरने मांडले: घर्षणगुणक ०.३ धरल्यास दांडीभोवतीचा एक पुरा वेढा ताण साडेसहा पटींनी कमी करतो, तीन वेढे पावणेतीनशेहून अधिक पटींनी.

पण अडचणीच्या वेळी पट्टा सोडून दोरी म्हणून वापरावयाचा झाल्यास हीच बळकटी जाचक ठरते, कारण गाठी एकेक उकलण्यात बराच वेळ जातो. क्रोशाच्या साखळीने विणलेला पट्टा दिसावयास किंचित ओबडधोबड, तथापि टोकाचा फास मोकळा करून ओढले की सारा सरसर उलगडून अखंड दोरी हाती येते. पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे भर पावसात निघणाऱ्या भाच्यास पट्टा द्यावयाचा असेल तर माझा कौल साखळीला.