बोहाड्याचे मुखवटे

वाकस आणि पटाशी ही सुताराची हत्यारे आपल्या उंब्रज-कऱ्हाडकडील मुलांस अपरिचित नाहीत. त्यांनी चौकटी व पाळणे घडतात. उत्तरेस पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत मात्र लाकडातून देवांची व राक्षसांची मुखे कोरण्याची परंपरा आहे. त्या कलेची व तीवरील निर्वाहाची हकीकत वाचकांस सांगावी, असे आम्हांस वाटते.

त्या भागात वारली, कोकणा आदी जमाती राहतात. पावसाळ्यापूर्वी तेथील गावांत बोहाडा नामक उत्सव होतो. गणपती, सरस्वती, नरसिंह इत्यादिकांचे मुखवटे धारण करून लोक संबळाच्या तालावर रात्रभर नाचतात. मुखवट्यास तेथे ‘सोंग’ म्हणतात. कोणते सोंग कोणत्या घराण्याने नाचवावयाचे, हेही परंपरेने ठरलेले असते.

असा मुखवटा कोरताना मागील बाजू खोल पोखरावी लागते. याची कारणे दोन. एक तर नाचणाऱ्याच्या मुखावरील ओझे हलके होते. दुसरे असे की, जाड ओले लाकूड बाहेरून आधी व आतून मागाहून वाळते आणि त्यामुळे तडकते. पातळ केलेले लाकूड सारखे वाळते.

नीट जपलेला लाकडी मुखवटा पुष्कळ वर्षे टिकतो. परंतु त्याचा हा गुणच कारागिरास अडचणीचा होतो! काम जितके टिकाऊ, तितकी नवी मागणी थोडी. यास्तव केवळ उत्सवावर त्याचे पोट भरावे कसे? शिवाय लाकडाचा प्रश्न आहेच. सन २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासी जनांस गौण वनोपजाची मालकी दिली. तथापि त्यात बांबू, मध, लाख, तेंदूपान असे पदार्थ येतात, इमारती लाकूड येत नाही. कागदाच्या लगद्याचे मुखवटेही आता करितात. ते हलके असतात व त्यांसाठी झाड तोडावे लागत नाही.

शहरांतील लोक घराच्या शोभेसाठी असे मुखवटे विकत घेतात. त्यामुळे दोन पैसे मिळतात, हे इष्टच होय. परंतु घेणाऱ्याने घासाघीस केली, तर कारागिराचा मुलगा ती पटाशी हाती का धरील?

पालकहो, आपला प्रभू येशू स्वतः सुतार होता. मुलांसह प्रदर्शनास जाल तेव्हा हे कोणाचे मुख व कोणी कोरले, एवढे अवश्य विचारा आणि श्रमाचे मोल पुरते द्या.