यूचं बोट सोडलेला क्यू

स्क्रॅबलच्या आमच्या डब्यात यूच्या चार सोंगट्या असायला हव्यात. आहेत तीन. चौथी गेल्या गणपतीत कुठेतरी सोफ्याखाली गेली ती गेलीच. तिच्या जागी शर्टाचं बटण आहे, त्यावर बॉलपेनने यू काढलाय. परवा रात्री भाचीबरोबर खेळत होते, तर बटणासकट चारही यू पटावर लागून गेलेले, आणि तिच्या हातात नेमका क्यू!

"मावशी, आता हा क्यू काय लोणच्याला घालू? क्यूपुढे यू लागतोच, बाईंनी सांगितलंय."

"लागतोच असं नाही," मी म्हटलं. "पाच अक्षरी शब्द शोध. त्यात क्यू हवा, यू नको."

तिने छताकडे पाहिलं आणि ओरडली, "कतार! फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला होता ना तिथे?" क्यू-ए-टी-ए-आर. मोजून पाच! डोकं झकास चाललं होतं, पण स्क्रॅबलमध्ये देशांची नावं चालत नाहीत. पुन्हा छत.

ती विचार करतेय तोवर आपण एक हिशेब करू. इंग्रजीत 26 अक्षरं. पाच घरांपैकी प्रत्येक घरात 26 पैकी कोणतंही बसवता येतं. म्हणजे 26 ला 26 ने गुणायचं, असं गुणत पाच घरं भरायची. उत्तर येतं 1 कोटी 18 लाख 81 हजार 376. आणि यातले खरे शब्द किती? खेळाच्या मोठ्या शब्दकोशांत पाच अक्षरी शब्द साधारण 13 हजार भरतात. डोळे मिटून पाच अक्षरं मांडलीत, तर हजारभर वेळा मांडल्यावर एखादा शब्द लागायचा. त्यात क्यू म्हणजे फारच दुर्मीळ पाहुणा. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन माणसाने 1930 च्या दशकात नोकरी गेलेली असताना हा खेळ रचला. कोणतं अक्षर किती वेळा येतं, हे त्याने वर्तमानपत्रांच्या पानांवर चक्क मोजलं. म्हणून 100 सोंगट्यांत ई आहेत 12 आणि क्यू एकुलता एक, पण त्याला गुण 10!

आता तो यू. क्यूला तो चिकटला कधी? हजार वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये राणीला लिहायचे सी-डब्ल्यू-ई-एन. क्यूचा पत्ताच नाही! 1066 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतून विल्यम आला, त्याने इंग्लंड जिंकलं, आणि पुढे लिखापढी फ्रेंच वळणाच्या हाती गेली. त्या वळणात 'क्व' हा आवाज लॅटिनसारखा क्यू-यू असा लिहीत. झालं, राणीला नवं स्पेलिंग मिळालं. म्हणजे बाईंचा नियम खरा आहे, पण तो लॅटिन-फ्रेंचकडून आलेला.

मग यू नसलेले शब्द आले कुठून? "फकीर माहितीये?" मी विचारलं.

"हो, दारावर येतात ते."

"एफ-ए-क्यू-आय-आर. इंग्रजीत तो क्यूनेही लिहितात आणि केनेही. दोन्ही चालतात."

तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. फकीर तर आपला! तलाक, नकाब हेही इंग्रजी कोशात पाच अक्षरांत, यूविना बसलेत. बुरख्यात मात्र यू आहे, पण तो क्यूच्या मागे नाही, आधी येतो. लबाड शब्द.

हे शब्द मुळात अरबी. त्यांतला क आपल्या क सारखा नाही. करून बघा: साधा 'क' म्हणा, जिभेचा मागचा भाग टाळूला टेकतो. आता तीच जीभ आणखी मागे न्या, पार पडजिभेपाशी, आणि तिथून 'क' काढा. हा अरबीतला 'काफ'. किल्ला, कलम, कायदा, नक्कल, हक्क या सगळ्यांत तो होता, मराठीत येता येता साधा क झाला. इंग्रजांनी मात्र असे काही शब्द लिहिताना क्यू घेतला.

आणि क्यूच का? इथे खरी गंमत आहे. सुमारे 3 हजार वर्षांपूर्वी आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर फिनिशियन व्यापारी राहत. त्यांच्या लिपीत 'कोफ' नावाचं अक्षर होतं: गोल डोकं, खाली काठी. ते ग्रीकांकडून इटलीत गेलं आणि रोमनांच्या हाती क्यू झालं. तेच दुसऱ्या वाटेने, अरामी लिपीतून, अरबीत पोचलं आणि काफ झालं. फकीर लिहिताना क्यूला भेटतो तो त्याचाच चुलतभाऊ. दोघांची डोकी अजून गोल आहेत, बघा जमलं तर.

मला सगळ्यात आवडतो तो क्यू-ए-एन-ए-टी, कनात. मंडपाची कनात नव्हे! इराणमध्ये डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणतात आणि तिथलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून गावापर्यंत आणतात. बोगद्याला अगदी हलका उतार, त्यामुळे पंप नाही, मोटार नाही. वर ठरावीक अंतरावर उसासे म्हणजे खड्डे, त्यांतून गाळ उपसायचा. छत्रपती संभाजीनगरला मलिक अंबरने सतराव्या शतकात बांधवलेली नहर-ए-अंबरी याच जातीची.

"मावशी, गप्प बस जरा." पटावर एक एफ मोकळा होता. तिने त्यापुढे ए, क्यू, आय, आर मांडले. 4, 1, 10, 1, 1. सतरा! शेवटची सोंगटी गुलाबी घरावर पडली, म्हणजे दुप्पट. वहीत 34 लिहून ती पडजिभेतून 'क' काढायला लागली. काढता काढता जोरात खोकली.

आतून आजीचा आवाज आला, "अगं, पाणी दे तिला. घशात सोंगटी गेली वाटतं!"