‘पडले नाही रे, नुसती बसले’

आमची आजी पडली, हे आम्हाला आठ दिवसांनी कळलं. तेही कोपरावरचा काळानिळा डाग दिसला म्हणून. विचारलं तर म्हणाली, “पडले नाही रे, नुसती बसले.” बडोद्यातल्या आमच्या जुन्या घरात पहाटे उठून जाताना मोरीच्या उंबऱ्याशी तिचा पाय घसरला होता. भिंतीला धरून ती कशीबशी उठली आणि सकाळी नेहमीसारखा चहाही टाकला. “मग सांगितलं का नाहीस?” यावर तिचं उत्तर होतं, “सांगितलं असतं, तर तुम्ही मला देवळात एकटीला जाऊ दिलं असतं का?”

असं ‘नुसतं बसणं’ बहुतेक घरांत होत असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार पासष्टीच्या पुढच्या दर शंभर माणसांत २८ ते ३५ जण वर्षातून एकदा तरी पडतात. सत्तरीनंतर हे प्रमाण ३२ ते ४२ पर्यंत जातं. जगभरात अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. आणि जो एकदा पडला, तो पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. म्हणून पहिलं पडणं लपून राहणं धोक्याचं.

“वय झालं, तोल गेला,” असं म्हणून आपण विषय संपवतो. पण वय हे एकच कारण क्वचितच असतं. आजीला डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्यांनी आधी आडवं झोपवून आणि मग उभं करून रक्तदाब मोजला. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर उठताच डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. आजीचा तसा उतरत होता. रक्तदाबाच्या गोळीचा डोस नुकताच वाढला होता. झोपेच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटची काही औषधं यांनीही तोल जाऊ शकतो. मात्र गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही; सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांपुढे ठेवायची.

बाकीची कारणं घरातच सापडली. मोरीकडच्या वाटेवरचा बल्ब गेलेला. उंबऱ्याशी सरकणारं पायपुसणं. टाच झिजलेली सपाता. आणि दुहेरी भिंगाचा चष्मा: खाली पाहताना नजर वाचायच्या भिंगातून जाते, त्यामुळे पायरीची कड धूसर दिसते. शिवाय वर्षभरात आजीच्या मांड्यांतली ताकदही कमी झाली होती. खुर्चीतून उठताना ती दोन्ही हातांनी रेटा द्यायची, हे आम्ही रोज पाहत होतो. त्याचा अर्थ कळला नव्हता.

आजी थोडक्यात वाचली. हाडं ठिसूळ झालेली असतील, तर साध्या पडण्यानंही मनगट, मणका किंवा खुब्याचं हाड मोडतं. खुबा मोडला की बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागते आणि ती शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावी लागते. कारण माणूस अंथरुणाला खिळला की न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या अशी संकटं मागे लागतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर वरून काही दिसत नसलं तरी लगेच डॉक्टरांकडे जायला हवं. आतला रक्तस्राव हळूहळू होतो. डोकेदुखी, गुंगी, बोलण्यातला गोंधळ कधी कधी काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी दिसतो.

पण हाड मोडलं नाही, तरी भीती बसते. पडायला नको म्हणून माणूस बाहेर जाणं सोडतो. चालणं थांबलं की पायांतली शक्ती जाते, आणि मग घरातल्या घरातही तोल जातो. “तू आता बसूनच राहा,” हा आपला प्रेमाचा हुकूम नेमकं तेच घडवतो.

आम्ही घरात बदल केले, ते एका रविवारी झाले. मोरीत धरायला दांडी, उंबऱ्याच्या कडेला पिवळी पट्टी, रात्रभर जळणारा छोटा दिवा, मागे पट्टा असलेल्या रबरी तळाच्या चपला. पायपुसणं काढून टाकलं. डॉक्टरांनी डोस बदलला. उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं, हे आजीनं अंगवळणी पाडलं. फिजिओथेरपिस्टनं शिकवल्याप्रमाणे ती खुर्चीतून हात न टेकता उठते, ओट्याला धरून एका पायावर उभी राहते. असे ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम नियमित केले, तर पडणं खरंच कमी होतं.

एक बदल मात्र आमच्यात करावा लागला. आता आम्ही दर आठवड्याला विचारतो, “आजी, कुठे बसलीस का?” आणि ती ‘हो’ म्हणाली, तर कुणी रागवायचं नाही, असं ठरलेलं आहे. देवळात ती काठी घेऊन आजही एकटीच जाते.

तुमच्याही घरी आजी-आजोबा असतील. आज त्यांना हा प्रश्न विचारून पाहा. उत्तर काहीही आलं, तरी आधी ऐकून घ्या.