ड्रम सोडा, डिस्क जोडा!

बीड जिल्ह्यातून बालाघाटाची रांग आडवी गेली आहे, त्यामुळे इथल्या ड्रायव्हरला घाट चुकत नाही. मांजरसुंब्याचा घाट आहे, अंबाजोगाईचा आहे आणि धारूरचा तो अरुंद, वळणावळणाचा घाट तर उसाच्या ट्रॅक्टरांची दर हंगामात परीक्षा घेतो. अमेरिकेत जुन्या मस्टँग, कमॅरो गाड्यांचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवण्याचं मोठं वेड आहे. आपल्या गावात मस्टँग नसेल, पण कुणाच्या वाड्यात जुनी महिंद्रा जीप उभी असते, कुणाकडे काळी-पिवळीतून निवृत्त झालेली कमांडर, कुणाकडे वडिलांची बुलेट. काम तेच, आणि घाटामुळे गरज त्यांच्यापेक्षा जास्त. म्हणून ही ब्रेकची चटपटीत शिदोरी.

एका उतारात पावणेचार लिटर पाणी उकळतं

ब्रेक वेगाची उष्णता करतो, एवढंच त्याचं काम. १२०० किलोची जीप ताशी ६० किलोमीटरवरून थांबवली, तर जी उष्णता निघते तिच्यात अर्धा लिटर साधं पाणी उकळेल. वेग दुप्पट केला की उष्णता चौपट. पण खरी गंमत घाटात आहे. हीच जीप एकाच वेगाने १०० मीटर उंची खाली उतरली, तर जवळपास १२ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. म्हणजे पावणेचार लिटर पाणी उकळण्याइतकी! थोडा वाटा हवा उचलते, मोठा वाटा इंजिन उचलू शकतं, उरलेलं सगळं ब्रेकच्या माथी. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की इंजिनाचा वाटा शून्य होतो. ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम म्हणूनच लाखमोलाचा आहे.

तापल्यावर ड्रम दूर जातो, डिस्क जवळ येते

ड्रममध्ये ब्रेक शू आतून बाहेर दाबले जातात. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब सरकतो. मग पेडल खोल जाऊ लागतं. डिस्कचं उलटं: तापली की ती जाड होते आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या पॅडच्या आणखी जवळ येते. शिवाय ती उघड्यावर फिरते, वारा लागतो, ओढ्यातून गाडी काढली तरी चार फेऱ्यांत पाणी झटकून टाकते. ड्रममध्ये शिरलेलं पाणी मात्र बराच वेळ छळतं.

दोघंही १९०२ चे

डिस्क नवी आणि ड्रम जुना, हा समज चुकीचा आहे. फ्रान्समध्ये लुई रेनॉने ड्रम ब्रेकला आकार दिला १९०२ मध्ये, आणि इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं तेही १९०२ मध्येच. लँचेस्टरचे पॅड तांब्याचे होते. धातूवर धातू घासून असा कर्कश आवाज यायचा की लोक कान झाकत. डिस्क मागे पडली आणि तिचा दिवस उजाडला थेट १९५३ मध्ये. ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकची जॅग्वार सी-टाइप ताशी सुमारे १७० किलोमीटरच्या सरासरीने पहिली आली. बाकीचे वळणाआधी लवकर ब्रेक मारत होते, जॅग्वारवाले उशिरा. १९५५ मध्ये सित्रोएन डीएस डिस्क घेऊन सर्वसामान्यांच्या रस्त्यावर उतरली. अमेरिकेची १९६४ ची पॉन्टियाक जीटीओ मात्र एवढं दांडगं इंजिन घेऊनही चारही चाकांना ड्रमच लावून धावत होती. त्या गाड्यांना आज डिस्क का बसवतात, हे यातच आलं.

आपल्याकडे महिंद्राने १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीस जीप जोडायला घेतली, तीही चारही ड्रमांची. कुर्ल्याला तेव्हा बनणारी पद्मिनी कारही तशीच. बुलेट ३५० ला कायद्याने वेसण घातली: १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं आणि साध्या बुलेटच्या पुढच्या चाकावरही २८० मिलिमीटरची डिस्क आली.

नुसती डिस्क बसवून भागत नाही

खरी मेख इथे आहे. गॅरेजात "डिस्क टाकून द्या" म्हणणं सोपं. पण डिस्क आणि तिच्यावर पॅड दाबणारा कॅलिपर हा कामाचा निम्माच भाग.

ड्रममध्ये पुढचा शू चाकाच्या फिरण्यामुळे आपोआप ड्रमवर आणखी दाबला जातो, पाय हलका ठेवला तरी चालतं. डिस्कला ही फुकटची मदत नाही. म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लागतो. बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो, पेट्रोल इंजिन तो स्वतः तयार करतं, डिझेल इंजिन करत नाही. डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, बऱ्याचदा अल्टरनेटरच्या मागे बसवलेला. डिझेल जीपला डिस्क घालताना हा पंप विसरला, तर उतारावर पेडलवर उभं राहायची वेळ येते.

पेडल दाबल्यावर लाइनमध्ये तेल ढकलणारा मास्टर सिलिंडरही बदलावा लागतो. कॅलिपरचा पिस्टन ड्रममधल्या व्हील सिलिंडरपेक्षा कितीतरी मोठा, त्याला तेल जास्त लागतं. जुन्या सिलिंडरला तेवढं पुरवता येत नाही. दुसरं म्हणजे जुन्या जीपची लाइन एकेरी असते: एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. अमेरिकन गाड्यांना १९६७ पासून दुहेरी मास्टर सिलिंडर आला, पुढची आणि मागची लाइन वेगळी. माझं स्पष्ट मत आहे की पैसे कमी असतील तर डिस्क नंतर घाला, दुहेरी सिलिंडर आधी घाला.

आता एक बारीकशी पण भारी गोष्ट. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असू शकतो. तो तसाच ठेवून पुढे डिस्क जोडली, की पॅड डिस्कला कायम चिकटून राहतात. गाडी जड चालते, चाक तापतं आणि मालक मायलेज कुठे गेलं ते शोधत बसतो.

आणि कॅलिपर डावा-उजवा अदलाबदल झाला तर? बघायची खूण सोपी आहे: हवा काढायचं निपल सगळ्यात वर असलं पाहिजे. ते खाली आलं, की हवेचा बुडबुडा कॅलिपरच्या माथ्यावर अडकून बसतो. मग कितीही पंपिंग करा, पेडल स्पंजासारखं मऊच राहतं. निपल वर आहे ना, एवढं स्वतः वाकून बघा.

पुढचे ब्रेक जोरदार झाले की मागच्या ड्रमचा जोर बसवून घ्यावा लागतो. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. ती आधी लॉक झाली तर गाडी गर्रकन फिरते. यासाठी मागच्या लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवतात.

जीपवाल्यांत बोलेरोच्या डिस्क वापरण्याची पद्धत आहे. पण मॉडेलगणिक अॅक्सल आणि बेअरिंग बदलतात, म्हणून माप घेतल्याशिवाय सामान आणू नका. चाकाची रिम कॅलिपरला घासते का, हेही आधी पाहा. आणि जुना ड्रम उघडाल तेव्हा आतली धूळ हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुफ्फुसाचं कायमचं नुकसान करतं. ओल्या फडक्याने पुसा.

ट्रॅक्टरची दोन पेडलं

ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ब्रेकची पेडलं दोन असतात, डाव्या आणि उजव्या चाकाची वेगवेगळी. शेतात जागेवर वळायला ती कामाची. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडलं खिटीने जोडलीच पाहिजेत. खिटी न लावता एकावर पाय पडला, की ट्रॅक्टर त्या बाजूला वळतो आणि मागच्या भरलेल्या ट्रॉल्या त्याला ढकलत राहतात. आजच्या बहुतेक ट्रॅक्टरांत तेलात बुडालेल्या चकत्यांचे ब्रेक असतात. म्हणजे डिस्क ब्रेक बीडच्या शिवारात कधीचाच पोहोचला आहे, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही.

ड्रम संपला का? अजिबात नाही

फोक्सवॅगनच्या आयडी.३, आयडी.४ या इलेक्ट्रिक गाड्यांना मागे ड्रमच आहेत. तिथे बराचसा ब्रेक मोटरच लावते, आणि बंदिस्त ड्रम कमी वापरातही गंजत नाही. हँडब्रेकही ड्रमला सहज जोडता येतो. म्हणून जीपच्या मागच्या चाकांचे ड्रम सुस्थितीत असतील तर ते खुशाल राहू द्या.

कागदांचं काय?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबाबत कडक आहे. तेव्हा सामान घेण्याआधी आरटीओत विचारा. एमएच-२३ असेल तर बीड, एमएच-४४ असेल तर अंबाजोगाई. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करायचा विचार असेल, तर मूळ ड्रम, शू, पाइप मुळीच भंगारात देऊ नका. तिथे गाडीच्या मूळ रूपाला किंमत आहे.

शेवटी तेल

डॉट ३ ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या वर उकळतं. ते हवेतली ओल शोषत राहतं आणि ओलावलेल्या तेलाची किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. घाटात तेल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला टेकतं. डिस्क लावा वा ड्रम ठेवा, दोन वर्षांतून एकदा तेल पूर्ण बदला. धारूरचा घाट उतरायचा असेल, तर ते आधीच बदलून घ्या.