गाभण जनावराचा खुराक आणि पिलांची हाडं

वासराचे पाय वाकडे दिसले, सांधे सुजलेले दिसले, की पहिली धाव कॅल्शियमच्या बाटलीकडे असते. हा इलाज बहुधा उशिरा येतो आणि पुष्कळदा भलत्याच घटकाचा असतो. गाय साधारण 280 दिवस गाभण असते, म्हैस 310 दिवस. त्यातल्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत गर्भ सर्वाधिक वाढतो आणि त्याच्या हाडांत खनिजं भरण्याचं कामही तेव्हाच जोरात चालतं. म्हणून पिलाच्या हाडांची काळजी आईच्या गव्हाणीतच घ्यायला हवी. मात्र खुराकाचं काम उणीव भरून काढण्याचं आहे. उणीवच नसेल, तर त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

कॅल्शियमच्या बाबतीत निसर्गाने गर्भाची बाजू घेतली आहे. वार आईच्या रक्तातलं कॅल्शियम गर्भाकडे ओढून नेते, इतकं की गर्भाच्या रक्तात त्याचं प्रमाण आईपेक्षा जास्त असतं. चाऱ्यातून कमी पडलं, तर आईची हाडं झिजतात आणि गर्भाची गरज बऱ्याच अंशी भागते. खरा धोका सूक्ष्म खनिजांच्या उणिवेत आहे. हाडाला चिवटपणा देणारे कोलॅजेनचे धागे एकमेकांत घट्ट बांधणाऱ्या विकराला तांबं लागतं. कूर्चेचा गाभा घडवणाऱ्या विकरांना मँगॅनीज लागतं. 1960च्या दशकात अमेरिकेत मँगॅनीज कमी असलेल्या आहारावर गाभण गाई ठेवल्या, तेव्हा त्यांची वासरं पिळवटलेले पाय आणि सुजलेले सांधे घेऊनच जन्मली.

मग ही खनिजं थेट पिलालाच का देऊ नयेत? न्यूझीलंडमध्ये 1990च्या दशकात थरोब्रेड घोड्यांवर झालेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. गाभण घोड्यांना तांबं दिल्यावर त्यांच्या शिंगरांच्या कूर्चेतले दोष कमी आढळले. शिंगरांना थेट तांबं देऊन तसा लाभ दिसला नाही. घोडीच्या दुधात तांबं कमी असतं, त्यामुळे शिंगरू गर्भात असतानाच आपल्या यकृतात साठा करून घेतं. पुढे त्याच देशात झालेल्या दुसऱ्या अभ्यासात मात्र आईला तांबं देऊनही कूर्चेच्या विकारात फरक पडला नाही. हा आक्षेप वजनदार आहे. या विकारामागे आनुवंशिकता, वाढीचा वेग आणि सांध्यांवरचा भारही असतो. आईचा आहार हे त्यातलं एकच कारण. ते महत्त्वाचं आहे, पण त्याने सगळे दोष टळतील असं समजू नये.

दुसरा मोह म्हणजे जास्त दिलं की जास्त फायदा. मेंढीला तांब्याचा अतिरेक मुळीच सोसत नाही. गाईंचं खनिज मिश्रण तिला चारलं, तर विषबाधा होऊ शकते. व्यायला आलेल्या दुभत्या गाईला कॅल्शियमचा मारा केला, तर हाडांतून कॅल्शियम सोडवणारी तिची यंत्रणा सुस्तावते आणि व्यायल्यावर दुग्धज्वराचा धोका वाढतो. आपल्याकडे उसाच्या वाढ्यांवर जनावरं पोसली जातात. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, म्हणजे पोटात गेलेलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही. माती, चारा आणि जनावराची जात बदलली, की उणीवही बदलते. म्हणूनच राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पुढे आणलेली प्रदेशनिहाय खनिज मिश्रणाची कल्पना शास्त्राला धरून आहे. चाऱ्याची तपासणी करून, पशुवैद्यांच्या सल्ल्याने, गाय आटवण्याच्या सुमारास योग्य मिश्रण सुरू करणं हा खर्च लहान आहे. दूध थांबलं म्हणून भाकड गाईचा खुराक तोडणं मात्र महागात पडतं, कारण त्याची किंमत पुढची पिढी आपल्या हाडांनी मोजते.