पद वेगळं, पगार वेगळा

मॅकिनन मॅकेन्झी ही मुंबईतली जुनी जहाज कंपनी. तिथे बड्या साहेबांच्या हाताखाली ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ असत. साहेब सांगतील ते शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायचं आणि टाइप करून सहीसाठी पुढे ठेवायचं, हे त्यांचं काम. कंपनीतले पुरुष स्टेनोही हेच करत. पगार मात्र जास्त घेत. त्यांच्यापैकीच एक, ऑड्री डिकॉस्टा यांना जून १९७७ मध्ये कंपनीनं कामावरून कमी केलं. त्यांनी फरकाची रक्कम मागितली.

समान वेतनाचा कायदा तेव्हा नवाच होता. आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या गडबडीत १९७५ साली वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. कंपनीचं म्हणणं, पगार युनियनशी झालेल्या करारानुसार ठरलाय, त्यात बाई-पुरुष असा भेद कुठे आला? या उत्तरातली खरी गोम अशी की बायकांना कमी पगार देणाऱ्या त्या करारावर कामगारांच्याच युनियनची सही होती. दावा ऐकणाऱ्या पहिल्या अधिकाऱ्यानं काम सारखंच आहे हे मान्य केलं आणि तरीही कराराकडे बोट दाखवून दावा फेटाळला. अपिलात डिकॉस्टा जिंकल्या. मंजूर झालेली रक्कम होती ७,१९६ रुपये ६७ पैसे. तेवढ्यासाठी कंपनी हायकोर्टात दोनदा हरली आणि मग दिल्लीला गेली. वकिलांच्या फीचा आकडा याहून मोठाच असणार.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २६ मार्च १९८७ चा. बड्या साहेबांकडे आम्ही पुरुष स्टेनो नेमतच नाही, मग तुलना कोणाशी करायची, असं कंपनी म्हणत होती. त्या जागांवर फक्त बायकाच नेमायच्या हे ठरवणारी कंपनीच, याकडे न्यायालयानं काणाडोळा केला नाही. पदाचं नाव काय हे न बघता हातून होणारं काम बघा, असा त्या निकालाचा रोख होता. आर्थिक परिस्थिती नाही, ही सबबही चालली नाही.

त्याच्या सहा वर्षं आधी पद वेगळं दाखवण्याची हीच युक्ती खपून गेली होती. एअर इंडियाची हवाई सुंदरी पस्तिसाव्या वर्षी निवृत्त होई. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं किंवा पहिल्यांदा दिवस गेले, तर त्याआधीच. त्याच विमानात राबणारा पुरुष पर्सर ५८ पर्यंत नोकरीत. नर्गेश मिर्झा खटल्यात १९८१ साली न्यायालयानं गरोदरपणाची अट रद्द केली, लग्नाची ठेवली. आणि दोघांचं केडर वेगळं, म्हणून भेदभाव नाही, असं सांगितलं. वेतन-सेवाशर्तींतला हा फरक स्त्री-पुरुष भेदातून आलेला नाही, असं सरकारनंही १९७९ मध्ये जाहीर करून टाकलं होतं. मुंबईतल्याच एका औषध कंपनीचा, पॅकिंग खात्यातल्या मुलीचं लग्न झालं की नोकरी संपली, हा नियम १९६५ मध्येच मोडीत निघाला होता. तरी विमानात ती अट टिकली!

पुढे २००५ मध्ये एअर इंडियानं बायकांनाही इनफ्लाइट सुपरवायझर होण्याची मुभा दिली. तोवर ते पद फक्त पुरुषांचं. या आदेशाविरुद्ध कोर्टात गेले ते पुरुष पर्सरच. विमानात बाईच्या हाताखाली काम करायला त्यांची तयारी नव्हती. त्यांचं अपील सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये फेटाळलं.