वात, वय की थायरॉइड?

म्हैसूरहून मडिकेरीला निघालं की हुणसूर मागे पडतं आणि तंबाखूच्या शेतांमधून जात सुमारे ७० किलोमीटरवर पिरियापट्टण येतं. समजा, इथल्या एका मराठी घरातली सत्तरीची आजी. परवापर्यंत चष्मा लावून पेपर वाचत होती. आज कॉफीचा पेला हातात धरून नुसतीच बसली आहे. दुपारी नीट बोलते, पण दिवेलागणीला लेकाला भाऊ समजते आणि कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे म्हणते. शेजारी म्हणतात, वात झाला. घरचे म्हणतात, वय झालं. कुणी दबक्या आवाजात बाधेचंही नाव काढतं.

डॉक्टर याला डेलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षं मुरत येतो. हा मात्र काही तासांत किंवा दिवसांत येतो, दिवसभर चढतो-उतरतो, आणि सगळ्यात आधी लक्ष उडतं. वार उलटे म्हणायला सांगा: शनिवार, शुक्रवार, गुरुवार... आणि मध्येच धागा सुटतो. कारणं बहुधा साधी असतात. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम घसरणं, झोपेची गोळी. थायरॉइड या यादीत बरंच खाली असतं, म्हणूनच ते राहून जातं.

गळ्यातली ही ग्रंथी दोन्ही बाजूंनी डोकं बिघडवू शकते. हार्मोन फार वाढलं तर ताप, धडधड, थरथर आणि बडबड. त्याचं टोक म्हणजे ‘थायरॉइड स्टॉर्म’. १९९३ पासून वापरात असलेल्या बर्च-वार्टोफ्स्की गुणपद्धतीत ४५ किंवा अधिक गुणांना स्टॉर्मची दाट शंका घेतात, आणि त्यातले २० गुण एकट्या डेलिरियमचे असतात. म्हाताऱ्या माणसात मात्र असा गाजावाजा होईलच असं नाही. वजन उतरतं, नाडी अनियमित होते, माणूस गप्प होतो. बस्स.

हार्मोन कमी पडलं तर सगळंच संथ होतं, आणि त्या संथपणातही भास आणि संशय उगवतात. लंडनचे डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी १९४९ मध्ये अशा १४ रुग्णांवर लेख लिहिला. त्यातले बरेच जण वेडाचे म्हणून रुग्णालयात आलेले होते. थायरॉइडचा अर्क दिल्यावर निम्म्याहून अधिक बरे झाले. थायरॉइडच्या आजच्या रक्तचाचण्या अ‍ॅशरच्या काळी नव्हत्याच. सुजरा चेहरा, घोगरा आवाज, कोरडी गार कातडी, हे त्याचे पुरावे. आणखी एक खूण आजही कामाची आहे. टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली की पाऊल झटक्यात खाली जातं, पण परत येताना रेंगाळतं, दमलेल्या माणसानं पायरी चढावी तसं. हे एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

आता टीएसएचची, म्हणजे थायरॉइडला चालना देणाऱ्या हार्मोनची, रक्तचाचणी आहे, पण तीही फसवते. कुठल्याही गंभीर आजारात थायरॉइडचे आकडे हलतात, ग्रंथी ठणठणीत असली तरी. म्हणून टीएसएच थोडासा इकडेतिकडे दिसला की लगेच गोळी सुरू करायची नसते. वीसच्या वर गेला तर मात्र तो खरा धरून पुढे शोध घ्यावा लागतो.

थायरॉइड बिघडण्यामागे मुलखाचाही हात असतो. डोंगराळ, पावसाळी मुलखात मातीतलं आयोडीन वाहून जातं आणि गलगंड वाढतो. सरकारनं १९६२ मध्ये गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि आयोडीनचं मीठ हळूहळू घरोघरी पोचलं. पण जुन्या गाठी काही म्हाताऱ्या गळ्यांत राहून गेल्या. अशा गाठीला एकदम खूप आयोडीन मिळालं तर ती बेफाम हार्मोन सोडू शकते. अँजिओग्राफीचं किंवा सीटी स्कॅनचं औषध, हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठीची अ‍ॅमिओडॅरोन ही गोळी, दोन्हींत आयोडीन भरपूर. हृदयाची तपासणी झाल्यावर काही आठवड्यांनी आजी बरळू लागली, तर त्या तपासणीचा कागद डॉक्टरांना आवर्जून दाखवावा.

हार्मोनची कमतरता ठरली तरी म्हाताऱ्या हृदयाला एकदम पूर्ण डोस सोसत नाही. गोळी थोडक्या मायक्रोग्रॅमपासून सुरू होते आणि डोकं साफ व्हायला आठवडे जातात. रुग्ण अगदी गार पडून बेशुद्धीकडे चालला असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा तो अतिदक्षता विभागात हवा, आणि थायरॉइडच्या इंजेक्शनआधी स्टिरॉइड द्यावं लागतं.

एरवी गोळी पहाटे, उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत. कॉफी निदान अर्धा तास थांबून, कारण कॉफीमुळे औषध पुरतं शोषलं जात नाही. पलीकडच्या कोडगूहून (कूर्गहून) आलेल्या भुकटीचं डिकॉक्शन उतरत असताना तो अर्धा तास फार लांबतो. आजी शुद्धीवर आल्याचं घरच्यांना बहुधा त्याच वेळी कळेल, ती कॉफीसाठी ओरडू लागली की.